बुलेट ट्रेन आणि मुंब्र्याची लोकल : हिशोब कसा मांडायचा?

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



सकाळी चहाच्या वेळी तुमच्यातल्या एकाने मला विचारलं, "सर, बुलेट ट्रेन चांगली की वाईट?" मी म्हटलं, "उत्तर दुपारी देतो." खरं सांगायचं तर त्या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर नाही. आपल्याकडे या विषयावर दोनच गट आहेत. एक म्हणतो, देशाची शान आहे, प्रश्न विचारू नका. दुसरा म्हणतो, श्रीमंतांची गाडी आहे, आपला काय संबंध? मला दोन्ही पटत नाहीत. मी डिप्लोमा झालेला माणूस, आयुष्यभर पुलांची आणि रस्त्यांची अंदाजपत्रकं केली. म्हणून मी आज फक्त हिशोब मांडणार आहे.

आधी "आपला काय संबंध" याचं उत्तर. मुंबई ते साबरमती हा ५०८ किलोमीटरचा मार्ग. त्यावर बारा स्थानकं आहेत. त्यातली चार महाराष्ट्रात : वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर. यातलं ठाण्याचं स्थानक ठाणे शहरात नाही. ते म्हातार्डीला आहे, दिव्याच्या बाजूला. म्हणजे मी राहतो त्या कौशापासून रिक्षाच्या अंतरावर. आणि गाड्यांच्या देखभालीचा डेपो भिवंडी तालुक्यात. मुंब्रा, दिवा, भिवंडी. आता सांगा, संबंध आहे की नाही?

आता पैसे. सप्टेंबर २०१७ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा अंदाज होता १ लाख ८ हजार कोटी रुपये. ५०८ ने भागा. एका किलोमीटरला सुमारे २१२ कोटी येतात. यातले साधारण ८१ टक्के जपानचं कर्ज, व्याज ०.१ टक्का, फेड पन्नास वर्षांत, पहिली पंधरा वर्षं हप्ता नाही. ऐकायला फुकटच वाटतं. पण कर्ज येनमध्ये आहे. येन महागला की आपला हप्ता फुगतो. आणि पन्नास वर्षं म्हणजे हे कर्ज मी फेडणार नाही, तुम्ही आणि तुमची मुलं फेडणार. शिवाय केंद्राचे १० हजार कोटी आणि महाराष्ट्र व गुजरातचे प्रत्येकी ५ हजार कोटी भांडवल. तारीख सांगितली होती १५ ऑगस्ट २०२२. ती केव्हाच उलटून गेली, आणि कामाला जितका उशीर तितका खर्च वाढतो, हे घर बांधलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

मग एवढा खर्च कधी वसूल होतो? जगातली उदाहरणं बघू.

टोकियो ते ओसाका ही पहिली अशी गाडी, १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाली. तिचाही खर्च अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला होता. जपानी रेल्वेच्या अध्यक्षांना गाडी सुरू व्हायच्या आधीच पद सोडावं लागलं. तरी ती गाडी यशस्वी झाली. का? कारण जुना मार्ग गर्दीने तुंबला होता, वाटेत मोठमोठी शहरं होती, आणि स्थानकावर उतरलं की पुढे जायला लोकल तयार होती. रोज लाखो लोक तिने जाऊ लागले.

दुसरी गाडी तुमच्या घरातल्या हाजींनी पाहिली असेल. मक्का ते मदिना, जेद्दामार्गे, सुमारे ४५० किलोमीटर. २०१८ पासून धावते, ताशी ३०० किलोमीटर वेगाने. बसला पाच-सहा तास लागायचे, गाडीला दोन तासांच्या थोडं वर. तिथे वर्षभर उमऱ्याचे यात्रेकरू असतात, म्हणजे प्रवासी ठरलेला आहे.

तिसरी जकार्ता ते बांडुंग. १४२ किलोमीटर, ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. खर्च ७०० कोटी डॉलरच्या वर गेला, अंदाजापेक्षा सुमारे १२० कोटी डॉलरने जास्त. गाडी वेगवान आहे, पण बांडुंग शहराच्या मध्यात जात नाही. बाहेर उतरून दुसरी गाडी धरावी लागते. २०२५ मध्ये त्या देशात कर्ज कोणी फेडायचं यावर वाद झाला.

यातून मी एकच गोष्ट शिकलो : गाडीचा वेग स्थानक ते स्थानक मोजू नका, घर ते मुक्काम मोजा.

आपला हिशोब करू. भिवंडीच्या कापडाच्या धंद्यात आपली कितीतरी मुलं आहेत, त्यांना सुरतेला जावं लागतं. आज मुंब्र्याहून सुरत म्हणजे लोकल बदलत मोठं स्थानक गाठायचं, मग एक्स्प्रेस. पाच-सहा तास सहज जातात. म्हातार्डीहून बुलेट ट्रेनने सव्वा-दीड तासात सुरत. सकाळी जाऊन माल बघून रात्री घरी जेवायला. हा उपयोग खरा आहे, त्याला मी नाव ठेवणार नाही. पण दोन अटी. एक, भाडं. प्रकल्प आखताना राजधानीच्या पहिल्या वर्गाच्या एसी भाड्याच्या साधारण दीडपट धरलं होतं. तेवढं भाडं व्यापारी देईल, त्याच्याकडचा पोरगा देणार नाही. दोन, कौशाहून म्हातार्डीपर्यंतचा रस्ता आणि बस. शीळफाट्याच्या कोंडीत पाऊण तास अडकलात तर ३२० च्या वेगाचा काय फायदा?

आता मनातली गोष्ट बोलतो. पायाभरणी झाली १४ सप्टेंबर २०१७ ला. पंधरा दिवसांनी, २९ सप्टेंबरला, एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि वीसहून अधिक माणसं गेली. ९ जून २०२५ ला आपल्या मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलमधून माणसं पडली आणि मेली. मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त जीव जातात.

मग कोणीही म्हणेल, ते लाख कोटी लोकलला का नाही दिले? इथे प्रामाणिक राहू या. जपानचं कर्ज याच कामासाठी मिळालं आहे, ते उचलून लोकलला देता आलं नसतं. आणि लोकलचं अडतं ते फक्त पैशाने नाही. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. चौदा वर्षं, तीसुद्धा आठ-दहा किलोमीटरसाठी! कळवा-ऐरोली मार्ग पुनर्वसनापाशी अडकून बसलाय. म्हणजे कमी पडतो तो पाठपुरावा. बुलेट ट्रेनचा आढावा मंत्री घेतात, पंतप्रधान घेतात. आपल्या लोकलचा आढावा कोण घेतं? माझी मागणी गाडी बंद करा अशी नाही. जेवढी घाई त्या रुळांना आहे, तेवढी या रुळांनाही हवी.

जमिनीचंही बोललं पाहिजे. शीळ, म्हातार्डी, आगासन या भागात भूसंपादन झालं. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात मोबदला आला तेव्हा कळलं की सातबारावर फक्त भावांची नावं आहेत. तीन बहिणींचा हक्क सगळ्यांना तोंडी मान्य, कागदावर मात्र नाही. पैसे वाटून झाले, बहिणी बसल्या आपल्या घरी. यात सरकारचा दोष नाही, आपला आहे. प्रकल्प येण्याची वाट बघू नका. घरी जाऊन सातबारा काढा आणि त्यावर अम्मीचं, फुफीचं नाव आहे का बघा.

शेवटी, तुम्ही काय करायचं? तीन कामं सांगतो. पहिलं, डेपो भिवंडीत येतोय तर फिटर, इलेक्ट्रिशियन, सिग्नल, इलेक्ट्रॉनिक्स यांची माणसं लागणार. आयटीआय, डिप्लोमाला जा आणि भरतीच्या जाहिरातीवर आतापासून नजर ठेवा. मुलींनीही. नोकरीची हमी मी देत नाही, पण अर्जच केला नाही तर तक्रारीचा हक्क राहत नाही. दुसरं, माहितीच्या अधिकारात विचारा : म्हातार्डी स्थानकाला बस कोण देणार, रस्ता कोण करणार, कधी? तिसरं, नगरसेवक, आमदार, खासदार मत मागायला आले की लोकलच्या फेऱ्यांचा प्रश्न तारखेसकट विचारा.

तर सकाळच्या प्रश्नाचं उत्तर. गाडी चांगली की वाईट हे तिच्या वेगावरून ठरत नाही. तिचा हप्ता तुम्ही भरणार आहात. त्या बदल्यात तुमच्या हाती काय पडतं, हे विचारत राहणं म्हणजे नागरिक असणं. मुंब्र्याच्या फलाटावर सकाळी उभा राहणारा माणूस संध्याकाळी धडधाकट घरी पोचला पाहिजे. माझा हिशोब तिथून सुरू होतो. तुमचा कुठून सुरू होतो ते आता चर्चेत सांगा.