रुग्ण आणि भूल



हावड्याहून हुगळीपर्यंत पहिली आगगाडी १८५४ साली धावली. त्यापूर्वी नऊ वर्षे, ४ एप्रिल १८४५ रोजी, त्याच हुगळीत जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने एका कैद्यावर मेस्मरच्या संमोहनपद्धतीचा पहिला प्रयोग केला. अंधाऱ्या खोलीत रुग्णास निजवावयाचे आणि तो निश्चेष्ट होईपर्यंत, प्रसंगी तासन्‌तास, त्याच्या अंगावरून हात उतरवीत राहावयाचे, अशी ती रीत होती. तिच्या साहाय्याने हत्तीरोगाच्या प्रचंड गाठीही त्याने कापून काढल्या. १८४६ च्या अखेरीस सरकारने त्याला कलकत्त्यात एक लहानसे रुग्णालय दिले.

या रुग्णांना झाडफूक करणारे मांत्रिक परिचित होते. साहेबाचा उपचारही त्यांना त्याच जातीचा वाटला असेल तर नवल नाही. हे साम्य खुद्द एस्डेलच्याही ध्यानी आले होते. मात्र आपल्यावर काय चालले आहे, हे रुग्णांस सहसा सांगितले जात नसे. वेदना टळली हा लाभ मोठाच. परंतु ज्ञान वैद्याकडे आणि विश्वास तेवढा रुग्णाकडे, अशी ती वाटणी होती.

१८४७ साली कलकत्त्यात ईथर आले, पुढील वर्षी क्लोरोफॉर्म आले आणि संमोहन मागे पडले. ती वाटणी मात्र अद्याप पुरती मोडलेली नाही. भूल म्हणजे एका सुईने येणारी गाढ झोप, सुई टोचली की भूल देणाऱ्याचे काम संपले, असे आजही पुष्कळांना वाटते. वस्तुतः भूलतज्ज्ञ हा वैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टर असतो. शस्त्रक्रिया संपेपर्यंत तो रुग्णाजवळ राहतो. श्वास, नाडी, रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायू यांवर लक्ष ठेवून औषधाची मात्रा कमीअधिक करतो. पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला, तर रुग्ण जागाही राहू शकतो.

हे अज्ञान निरुपद्रवी नाही. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहण्याची सूचना अनेकांना निष्ठुर वाटते. 'माणूस आधीच अशक्त, चार घास खाऊ दे,' असे म्हणून नातलग गुपचूप भरवितात. भुलेत खोकण्या-गिळण्याची सहजक्रिया लोपते. अशा वेळी पोटातील अन्न उलटून श्वासमार्गात शिरले, तर प्राणावर बेतते. म्हणून आधी किमान सहा तास अन्न आणि शेवटचे दोन तास पाणीही वर्ज्य असते. नुसता हुकूम माया मोडते. कारण कळले तर तीच माया राखण करते.

तंबाखूचे व्यसन, दमा, हलणारा दात, चालू असलेली औषधे, पूर्वी भुलेने झालेला त्रास, यांपैकी काहीही रुग्णाने लपवू नये. डॉक्टरनेही संमतीपत्र पुढे करण्याआधी त्याच्या भाषेत, त्याच्या शंका संपेपर्यंत बोलावे. हुगळीच्या त्या कैद्याला वेदनेतून सुटका मिळाली. प्रश्न विचारण्याची संधी मिळाली नाही. आजच्या रुग्णास दोन्ही मिळावयास हवीत.