पहिल्या वर्षाचं गणित सोडावं का?

बडोद्याच्या फतेगंजात राहणाऱ्या आपल्याला परदेशी शिक्षणाच्या क्लासेसच्या पाट्या नव्या नाहीत. व्हिसा, बँकेचं कर्ज, आयईएलटीएस यांबद्दल घराघरात चर्चा झडते. पण बारावी सायन्स करून अमेरिकेला निघालेल्या मुलामुलींना उन्हाळ्यात आणखी एक मेल येते, तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. गणिताची प्लेसमेंट टेस्ट द्या. चांगली गेली तर पहिला कॅल्क्युलस करावा लागणार नाही. घरचे खूश होतात. आपल्या मुलांना हे सगळं येतंच, पैसेही वाचले!

आधी पैशांचंच बोलू. प्लेसमेंट म्हणजे वरच्या वर्गात बसायची परवानगी. क्रेडिट म्हणजे पदवीच्या हिशेबात धरलेला कोर्स. मे महिन्यात होणाऱ्या एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) परीक्षेत पाचपैकी चार-पाच गुण मिळाले, तर बरीच विद्यापीठं क्रेडिट देतात. प्लेसमेंट टेस्टवर ते सहसा मिळत नाही. शिवाय विद्यार्थी-व्हिसावरच्या मुलाला पदवीच्या प्रत्येक सेमिस्टरला सहसा किमान १२ क्रेडिट घ्यावी लागतात, आणि अनेक विद्यापीठांत १२ क्रेडिट घ्या की १६, फी तीच. एक कोर्स सुटला म्हणून बिल उतरत नाही. अख्खं सेमिस्टर कमी झालं, तरच पैसा वाचतो.

आता गणित. आपली मुलं इंटिग्रेशनमध्ये खरोखर तयार असतात. बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन हे बारावीतच हातात बसलेलं असतं. म्हणून पहिला कॅल्क्युलस सोडायला माझी हरकत नाही. अडचण दुसऱ्या कॅल्क्युलसला येते. तिथे अनंत श्रेढी येतात, आणि बारावीच्या पुस्तकात त्यांचा धडा नाही. मुलाला विचारून बघा: १ + १/२ + १/३ + १/४ असं मिळवतच गेलं तर बेरीज कुठे थांबेल का? हुशार मुलगाही पटकन म्हणतो, ‘पदं लहान लहान होतात, म्हणजे थांबणारच.’ मग त्याला कागद द्या. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्यापेक्षा जास्त. पुढची चार पदं, १/५ ते १/८, मिळून पुन्हा अर्ध्यापेक्षा जास्त. त्यापुढची आठ, तेच. अर्ध्यात अर्धा पडतच राहतो. बेरीज वाटेल तेवढी मोठी होते. उलट १ + १/४ + १/९ + १/१६ ही बेरीज कितीही लांबवा, पावणेदोनच्या आतच राहते. हा फरक ज्याला स्वतः सांगता येत नाही, त्यानं दुसरा कॅल्क्युलस मुळीच सोडू नये. टेस्टमध्ये कितीही मार्क पडोत.

पहिल्या वर्षाचं गणित सोडायचं का, हे ज्यांना विचारलंच जात नाही, अशी मुलंही आपल्याच गल्लीत आहेत. दहावीनंतर डिप्लोमा करून डिग्रीच्या थेट तिसऱ्या सेमिस्टरला बसणारी, आपली ‘डी टू डी’ची मुलं. २०२४ पासून त्यांच्यासाठी डीडीसीईटी ही प्रवेशपरीक्षा आहे, तीत गणितही आहे. पण डिग्रीच्या पहिल्या वर्षाचं गणित वर्गात बसून शिकणं त्यांच्या वाट्याला आलेलं नसतं. पुढे सिग्नल किंवा कंट्रोलच्या तासाला फुरिए श्रेढी येते आणि सर ती गृहीत धरून पुढे जातात. वर्कशॉपमध्ये डिग्रीवाल्यांपेक्षा सरस असलेला मुलगा इथे गप्प बसतो. मला याचं फार वाईट वाटतं. या मुलांसाठी राहिलेलं गणित भरून काढणारा ब्रिज कोर्स कागदावर उरकून चालणार नाही, तो मन लावून शिकवला गेला पाहिजे.

कोर्स सोडण्याच्या घाईवरून आठवलं. याच बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. मुदत तीन वर्षांची. घाई करायचं कारण त्यांच्याइतकं कुणाला असणार? त्यांनी तिथे एकट्या अर्थशास्त्राचे २९ कोर्स घेतले, आणि प्राथमिक फ्रेंच, प्राथमिक जर्मनच्या वर्गांतही नाव घातलं. काय सोडता येईल यापेक्षा इथे काय मिळतंय, यावर त्यांची नजर होती.

प्लेसमेंट टेस्टबद्दल एक सांगतो. ती पुष्कळदा घरूनच, ऑनलाइन देता येते. दादानं शेजारी बसून दोन-चार उत्तरं सांगितली, तर धाकटा नको त्या वर्गात जाऊन पडेल आणि तिथे दादा नसेल. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये, तिकडचं सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटी. मधल्या पाच महिन्यांत हात गंजतो, हेही धरून चला.

एमआयटीच्या पहिल्या कॅल्क्युलसच्या अंतिम परीक्षेचे जुने पेपर ओपनकोर्सवेअरवर फुकट आहेत. त्यातला एक काढा, दार लावून, घड्याळ लावून तीन तास बसा, फोन आईकडे द्या. सोडवलेला पेपर घेऊन माझ्याकडे या, आपण ओळ न् ओळ तपासू, आणि मग कोर्स सोडायचा का ते ठरवू.