भुताची जात आणि उद्याचा माणूस

(कैनाड, ता. डहाणू येथे तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



भुताची गोष्ट, परग्रहावरची गोष्ट, जादूच्या राज्याची गोष्ट ह्यांना शहाण्या लोकांनी वाङ्‌मयाच्या पंगतीत कधी धड बसू दिलं नाही. नारायण धारप भाड्याच्या लायब्ररीत पानं सुटेपर्यंत वाचले गेले. समीक्षेच्या दरबारात मात्र बाहेरच्या ओट्यावर. पंगतीबाहेर बसवणं म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला कुणी शिकवायला नको. म्हणून मी ह्या वाङ्‌मयाची बाजू घेणार आहे. आणि त्याची उलटतपासणीही करणार आहे.

पहिला सवाल. ज्यांच्या आयुष्यात भीतीचा तुटवडा नाही, ती पोरं पैसे मोजून घाबरायला का जातात? मुकादमाची भीती, घरमालकाची भीती, उद्या काम मिळेल का ह्याची भीती. ह्या भीतीला चेहरा नाही आणि शेवटही नाही. रामसे बंधूंच्या सैतानाला चेहरा असतो. अडीच तासांत तो मरतो. दिवे लागतात, माणूस चहा मारून घरी जातो. भीती संपते, हा अनुभव ज्याला कुठंच मिळत नाही त्याला तो टॉकीजमध्ये तिकिटाच्या भावात मिळतो.

आणखी एक. ह्या पिक्चरमधलं भूत राहतं कुठं? झोपडीत नाही. हवेलीत, वाड्यात. 'पुराना मंदिर' (१९८४) मध्ये राजघराण्याला शाप आहे. पूर्वजाच्या करणीचं वारसांना फेडावं लागतं. 'तुंबाड' (२०१८) मध्ये वाडा मोडतो, पण बापाची हाव पोराकडे चालत येते. कोर्टात जो हिशेब होत नाही, तो पडद्यावर होतो. माणूस घाबरतो, आणि आतून खूशही होतो. च्यायला, बरं झालं!

आता उलटतपासणी. आपल्या भुतांना जात आहे. मुंजा कोण? मुंज झालेलं, सोडमुंज व्हायच्या आत मेलेलं ब्राह्मणाचं पोर. त्याच्यावर २०२४ साली 'मुंज्या' आला आणि तुफान चालला. ब्रह्मराक्षस हा ब्राह्मणाचा. खवीस मुसलमानाचा. मेल्यावरही जात सुटली नाही! आणि हडळ? बाळंतपणात मेलेली बाई. विचार करा. अंगात रक्त नाही, दवाखाना लांब, रस्ता चिखलाचा. बाई मेली. तिच्या मरणाचा जाब विचारायचा सोडून आपण तिचे पाय उलटे केले आणि पोरांना तिची भीती घातली. जिच्यावर अन्याय झाला तीच राक्षसीण. ही व्यवस्थेची सर्वांत जुनी हातचलाखी.

ह्या भागात ती पडद्याबाहेरही चालते. गावात कुणी आजारी पडलं, जनावर मेलं, की भगत भुताळी शोधतो. ती सापडते कोण? एकटी बाई, म्हातारी, विधवा. सरपंचाची बायको भुताळी निघाल्याचं कधी ऐकलंय? नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, तेव्हा कुठं त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला.

आणि अफवा. अफवा म्हणजे शेवट नसलेला भुताचा पिक्चर. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, ह्याच तालुक्यात पोरं पळवणारे, किडन्या काढणारे फिरताहेत अशी हूल उठली. १६ तारखेच्या रात्री गडचिंचल्यात जमावानं दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अशी तीन माणसं ठेचून मारली. नंतर काहींनी त्याला हिंदू-मुसलमान रंग फासला. अटकेत एकही मुसलमान नाही, हे गृहमंत्र्यांना जाहीर करावं लागलं. एका भुतावर दुसरं भूत चढवलं. टॉकीजमध्ये घाबरलेला माणूस खुर्चीतच बसून राहतो. इथं तो काठी घेऊन उठला. हा फरक ज्याला कळला नाही, त्याला भयकथा कळली नाही.

ह्या मातीत खरी भयकथा कोणती? लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराच्या घरी राबत राहायची. त्याला नाव होतं लग्नगडी. गोदावरी परुळेकरांनी १९७० साली 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये ते सगळं लिहून ठेवलंय. २३ मे १९४५ ला झरीला हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही म्हणाले. त्या दिवशी भूत उतरलं. कुठल्याही भगताशिवाय!

आता विज्ञानकथा. १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावानं 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत धाडली. ती पहिली आली. मराठी माणूस ताऱ्यांपर्यंत गेला, चांगलं झालं. पण माझा साधा सवाल आहे: यानातला संडास कोण साफ करतो? उद्याच्या जगात जात कुठं गेली? नष्ट झाली, की लेखकाला दिसलीच नाही? आपण लिहिणार नाही तोवर उद्याच्या माणसाचं आडनाव कालचंच राहणार.

अमेरिकेतल्या काळ्यांनी हे ओळखलं. 'ब्लॅक पँथर' हा कॉमिकमधला राजा १९६६ सालचा; त्याच वर्षी ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली. २०१८ च्या पिक्चरमध्ये त्याचा देश कधीच कुणाचा गुलाम झालेला नाही. खोटं आहे, पण असं खोटं पाहून पोरगं ताठ उभं राहतं. कल्पनेचं काम तेच.

आणि विज्ञान इथं पायाखालीच आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत जमीन हादरू लागली. स्फोटासारखे आवाज, भिंतींना तडे, थंडीत माणसं उघड्यावर. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ चा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून पळताना दोन वर्षांची मुलगी पडून गेली. जमिनीखाली राक्षस नाही. लहान लहान भूकंपांची मालिका आहे ती. पावसाचं पाणी भेगांतून खोल झिरपतं, दाब वाढतो, असं एक कारण शास्त्रज्ञ मांडतात. ह्यावर विज्ञानकथा लिहायला परग्रह कशाला? कैनाडचं पोरगं, हातात भूकंपमापक, आणि घरं मजबूत बांधा म्हणून कचेरीच्या दारात उभं. लिहा की!

पिक्चर बघा, धारप वाचा, मनसोक्त घाबरा. फक्त प्रत्येक गोष्टीला दोन प्रश्न विचारा: इथं भूत कुणाला केलंय? आणि वाडा कुणाचा आहे?

दुसऱ्याचं उत्तर मिळालं, की पहिल्याची भीती वाटत नाही.