आधी लस, मग तिकीट

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि 'आफ्रिकेतली मजा सांगा' अशी आज्ञा केली आहे. मजा सांगतो. पण आधी माझी चूक सांगतो, कारण तिची किंमत दुसऱ्या माणसाने भरली आणि ते गृहस्थ इथे पहिल्या रांगेत बसले आहेत.

आम्ही चौघं जाणार होतो. आम्ही दोघं, आणि आमच्या खालच्या मजल्यावरचे मित्र व वहिनी. मित्र रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांना सिंह-हत्तींचं फारसं वेड नाही, त्यांना त्सावो नदीवरचा पूल बघायचा होता. मोंबासाहून आत जाणारी युगांडा रेल्वे बांधायला 1896 पासून हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले होते. त्यातले जवळजवळ अडीच हजार तिकडेच दगावले. 1898 साली त्सावोच्या पुलाचं काम चालू असताना दोन सिंह तंबूंमधून माणसं ओढून नेत होते. काम थांबलं, मजूर पळाले, शेवटी पॅटर्सन नावाच्या इंजिनियरने डिसेंबरात दोन्ही सिंह मारले. ही गोष्ट आमच्या मित्रांनी मला जिन्यात, लिफ्टमध्ये आणि पाण्याच्या टाकीपाशी किमान दहा वेळा सांगितली असेल.

नियोजन माझ्याकडे होतं. बेत असा: मुंबईहून नैरोबी, सहा तासांचं विमान. तिथून मोंबासाकडे जाणारी नवी रेल्वे, जी 2017 पासून चालू आहे. वाटेत व्हॉय स्टेशनला उतरायचं, त्सावो ईस्टमध्ये तीन रात्री, आणि मग गाडीने मोंबासा ओलांडून डियानीच्या किनाऱ्यावर पाच रात्री. जंगल आधी आणि समुद्र नंतर, हा क्रम आपल्या वयाच्या माणसांनी अजिबात बदलू नये. जंगलात पहाटे साडेपाचला उठावं लागतं, रस्ते कच्चे, कंबर खिळखिळी होते. शिवाय गाडीतून वाटेल तिथे उतरता येत नाही, त्यामुळे सकाळचा दुसरा चहा टाळलेला बरा. काय म्हणतोय ते सगळ्यांच्या लक्षात आलं असेल. एवढं झाल्यावर समुद्राकाठी नुसतं पडून राहण्यात खरं सुख.

महिना फेब्रुवारी निवडला. तिकडे मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. फेब्रुवारीत गवत वाळलेलं असतं, जनावरं पाण्यापाशी येतात आणि दिसतात. ईशान्येकडून 'कास्काझी' वारा वाहत असतो. याच वाऱ्यावर कच्छ-काठियावाडची गलबतं पूर्वी मोंबासाला जात आणि पुढे 'कुसी' सुरू झाला की त्यावर परत येत. उन्हाळा कडक असतो, पण मुंबईकराला तो काय सांगायचा.

इथपर्यंत माझं सगळं चोख. तिकिटं नोव्हेंबरात काढली, त्सावोतल्या मुक्कामाचे पैसे आगाऊ भरले. लस राहिली जानेवारीवर. बँकेत चौतीस वर्षं 'आधी कागदपत्रं, मग कर्ज' म्हणणारा मी माणूस!

केनियाहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतो. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि 2016 पासून तो जन्मभर चालतो. एवढं मला पाठ होतं. नव्हतं ते पुढचं. ही लस जिवंत विषाणूंची आहे. साठीनंतर तिचा गंभीर त्रास होण्याची शक्यता वाढते, थोडी असली तरी वाढते. केंद्रातल्या डॉक्टरांनी मित्रांना विचारलं, चालू औषधं कोणती? संधिवातासाठी ते मेथोट्रेक्सेट घेतात, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. डॉक्टरांनी सरळ नकार दिला. आम्हा दोघांना बऱ्याच प्रश्नांनंतर दिली.

परतीच्या वाटेवर टॅक्सीत कोणी बोललं नाही. मित्रांची आगाऊ भरलेली रक्कम गेली. मी निम्मी देऊ केली, त्यांनी घेतली नाही, त्याने मला जास्तच लागलं. हिचं म्हणणं, आपणही रद्द करू. तर रात्री हे गृहस्थ वर आले आणि म्हणाले, "तुम्ही जा. निदान पूल तरी बघून या."

म्हणून गेलो. आता थोडी मजा.

सामान भरताना एक लक्षात ठेवा. आमची ही प्रत्येक वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बांधते. केनियात 2017 पासून अशा पिशव्यांना बंदी आहे, आणि अभयारण्यात प्लास्टिकची पाण्याची बाटलीही चालत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री चिवडा, लाडू सगळं कापडी पिशव्यांत आणि डब्यांत गेलं. हिवतापाच्या गोळ्या मात्र विसरू नका, किनाऱ्यावर आणि त्सावोत दोन्हीकडे लागतात.

त्सावोचे हत्ती लाल असतात. तिथली माती गेरूसारखी, ती ते अंगावर उडवून घेतात. पहिला कळप दिसला तेव्हा हिने माझा हात धरला, तो ड्रायव्हरने गाडी पुन्हा सुरू करेपर्यंत सोडला नाही.

भाषेची अडचण आली नाही. स्वाहिलीत हिशेबाला 'हेसाबु', गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', चपातीला 'चपाती'. विमा म्हणजे 'बीमा', हे वाचून तर मला शाखेत बसल्यासारखं वाटलं. घोटाळा फक्त वेळेचा. त्यांचे तास सूर्योदयापासून मोजतात, आपल्या घटकांसारखे. त्यांचा 'एक वाजला' म्हणजे आपले सकाळचे सात. गाडी ठरवताना दोनदा विचारा. डियानीला भरती-ओहोटीचं वेळापत्रकही आधी बघा. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की पोहायचं सोडून चालायलाच जावं लागतं, तेही पायात बूट घालून, कारण खडकात काटेरी सागरी अर्चिन असतात. न्याहारीला नारळाच्या दुधातली तुरीची उसळ मिळते, 'म्बाझी'. ती कोकणातल्या माणसाने खावीच.

आणि पूल. आगगाडी त्सावो नदीवर आली तेव्हा मी मित्रांना फोन लावला. चित्र दिसेना, आवाज मात्र लागला. मी सांगत होतो, खाली नदी दिसतेय, काठाला ताडाची झाडं आहेत. ते मध्येच म्हणाले, "ते असू दे. गेज किती?"

मी डब्यातल्या माणसाला विचारून सांगितलं, स्टँडर्ड. जुनी मीटर गेज होती, ही नवी लाइन आहे.

"म्हणजे आपल्या मेट्रोचाच," ते म्हणाले, आणि फोन कट झाला.