नागपूरची शहर-बस कोणाची?



वसंत व्याख्यानमालेत बसगाड्यांवर बोलावयाचे म्हणजे काव्यशास्त्रविनोदाच्या पंगतीत भाकरी-ठेचा वाढण्यासारखे आहे. परंतु आमची विद्या कारखान्याच्या फाटकावर आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर मिळविलेली, हे संयोजकांना ठाऊक होते. तेव्हा थोडा दोष त्यांच्याही पदरी जातो. शिवाय नागपुरात वसंत कसा तो आठ दिवसांचा. पुढे थांब्यावर उभे राहणाराला ऋतू एकच, आणि तो म्हणजे ऊन.

शहर-बस का खालावली असे कोणासही विचारा, उत्तर तयार असते: दुचाक्या वाढल्या, ऑटो वाढले, लोकांना बस नकोशी झाली. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. बस वेळेवर येईनाशी झाली, तेव्हा माणसाने कर्ज काढून दुचाकी घेतली. आणि बसची वेळ गेली, कारण त्या वेळेला जबाबदार असणारा धनी एकेक पायरीने नाहीसा होत गेला. तो कसा नाहीसा झाला, एवढेच आज सांगावयाचे आहे.

१९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या काळी येथे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस या नावाची, सरकारचे भाग असलेली, बसकंपनी होती. तिने कामावरून काढलेल्या एका नोकराचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. काढून टाकलेला माणूस 'कामगार' म्हणून दाद मागू शकतो की नाही, असा प्रश्न होता. आणि १९५६ साली न्यायालयाने निर्णय दिला की, होय, मागू शकतो. आम्ही हा निवाडा वाचनालयात बसून, शब्दकोश शेजारी ठेवून, तीन दिवसांत वाचला. तो पुढे आम्हांस किती कामी आला ते सांगत बसलो तर रात्र सरेल. त्या नोकराला काढणारा कोण हे निदान ठाऊक होते, एवढे मात्र ध्यानात असू द्या. पुढे लागणार आहे.

राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात आले, आणि येथील सरकारी मोटार वाहतूक एसटीत विलीन झाली. तेव्हापासून कित्येक दशके शहरातली बसही एसटीचीच होती. एसटीला आम्ही देव्हाऱ्यात बसवीत नाही. तिच्या फाटकावर आम्ही पुष्कळ उन्हे काढली आहेत. शहर-सेवा ही तिची सावत्र लेक होती. लांब पल्ल्याच्या गाड्या चार पैसे मिळवीत. शहरात पावलोपावली थांबे, डिझेलचा धूर, आणि तिकीट लहान. जुन्या गाड्या शहराच्या वाट्याला येत. पण एक गोष्ट होती. बर्डीच्या मोरभवनात वाहतूक नियंत्रकाची खिडकी होती, आणि त्या खिडकीत बसलेला माणूस महाल, सक्करदरा, पारडी, हिंगणा, कामठी अशा साऱ्या फेऱ्यांना जबाबदार होता. गाडी का आली नाही म्हणून त्याच्यावर ओरडता येत होते. ओरडण्यासाठी एक जागा असणे ही सार्वजनिक सेवेची मोठी सोय आहे.

आता थोडा हिशेब. एका मार्गावर जावयास एक तास, यावयास एक तास, आणि दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटे विसावा धरला, तर एक फेरा १४० मिनिटांचा होतो. दर दहा मिनिटांनी गाडी हवी तर १४ गाड्या पाहिजेत. त्यांतल्या चार आगारात खड्या राहिल्या तर उरल्या दहा, आणि अंतर झाले १४ मिनिटांचे. तेही कागदावर. प्रत्यक्षात एक गाडी थोडी मागे पडली की तिच्या थांब्यावर माणसे जास्त साठतात. ती चढता-उतरता आणखी वेळ जातो. मागची गाडी, तिला माणसेच न मिळाल्यामुळे, पुढे पळते. आणि शेवटी दोन्ही गाड्या एकीला एक चिकटून येतात. थांब्यावरचा माणूस अर्धा तास वाट पाहतो आणि मग त्याच्यापुढे दोन बसगाड्या एकदम उभ्या राहतात. हा चालकाचा आळस नसून गणित आहे. त्यावर उपाय एकच, तो हा की वाटेत कोणीतरी अधिकाराने मागच्या गाडीला दोन मिनिटे थोपवून धरले पाहिजे. तो अधिकार गेला की वेळापत्रक भिंतीवरचे चित्र होते. पारडीच्या एका बाईंनी आम्हांस हेच एका वाक्यात सांगितले: "बस येते म्हणतेत जी, पन कवा येते थे कोनी सांगत नाही."

२००७ मध्ये महापालिकेने खाजगी चालनाखाली 'स्टार बस' आणली, आणि एसटी हळूहळू शहरातून बाजूला झाली. नव्या कोऱ्या गाड्या पाहून लोक हरखले. आम्हीही हरखलो, खोटे कशाला बोलावे? पण ज्या ठेक्यात तिकिटाचा पैसा चालविणाऱ्याच्या खिशात जातो, त्यात गाडी भरलेल्या रस्त्याकडे धावते आणि रिकाम्या वस्तीकडे पाठ फिरविते. असे ठेके जेथे जेथे झाले तेथे हेच झाले. २०१७ मध्ये महापालिकेने घडी बदलली आणि 'आपली बस' आली. नाव गोड आहे. गाडी आणि चालक एका ठेकेदाराचे, वाहक दुसऱ्या संस्थेमार्फत, तिकिटाची रक्कम महापालिकेची, आणि ठेकेदाराला मोबदला धावलेल्या किलोमीटरवर. या पद्धतीत गुण नाही असे नाही. उतारूंसाठी गाड्यांची शर्यत त्यामुळे थांबते. पण किलोमीटरला डोळे नसतात. गाडी थांब्यावर थांबली की पुढे निघून गेली, किलोमीटर तेवढेच भरते. आता 'आपली' या शब्दातला 'आपण' कोण, हे सांगणारा भेटला तर आम्हांस भेटवा.

मधल्या काळात एक सुंदर प्रकरण घडले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये नागपुरात स्कानिया कंपनीची इथेनॉलवर चालणारी बस चाचणीसाठी आली. इंधनात सुमारे ९५ टक्के इथेनॉल आणि बाकी पेट घेण्यास मदत करणारे द्रव्य. स्वीडनच्या स्टॉकहोम शहरात अशा गाड्या १९९० च्या सुमारापासून चालत आल्या होत्या. ऊस पिकविणाऱ्या देशात ही कल्पना कोणाला आवडणार नाही? पुढे वातानुकूलित हिरव्या गाड्यांची सेवा सुरू झाली. देशोदेशीचे पाहुणे त्या पाहून गेले. आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये, थकबाकी आणि कराराच्या अटी यांवरून बिनसल्यामुळे, सेवा बंद पडली. गाडीत खोट नव्हती, इंधनातही नव्हती. गाडीचे उद्‌घाटन करावयास सारे असतात; महिन्याच्या बिलापाशी कोण उभा राहील, हे ठरलेले नसते.

आता माणसांकडे येतो. एका वाहकाने आम्हांस आपले बिल्ले दाखविले. तीन होते. मार्ग तोच, तिकिटे फाडण्याचे काम तेच, थांब्यावरच्या म्हाताऱ्याही त्याच, त्याला 'बाबू' म्हणणाऱ्या. पण ठेका बदलला की त्याची नोकरी कागदावर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. दहा वर्षे राबलेल्या माणसाची सेवा निघाली एक वर्ष चार महिने! ग्रॅच्युइटीसाठी जावे तर जुना धनी म्हणतो, आमचा करार संपला. नवा म्हणतो, आमच्याकडे तू काल आलास. १९५६ च्या त्या नोकराला निदान कोणीतरी काढले होते. याला कोणीच काढले नाही आणि तरी त्याचे सारे गेले. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात लिहिले होते की, ठेकेदाराने मजुरी थकविली तर मूळ मालकाने ती द्यावी. त्या एका कलमावर आम्ही पुष्कळ अर्ज लिहिले. पण थकलेली मजुरी निराळी आणि बुडालेली वर्षे निराळी. वर्षांसाठी त्यात ओळ नव्हती.

याचा बसशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. फार आहे. पारडीहून हिंगण्याच्या पाळीला कोण किती वाजता निघते, पावसात कोठे पाणी साचते, शाळा सुटल्यावर कोठे गाडी अडते, हे ज्ञान कोणत्याही निविदेत लिहिलेले नसते. ते वाहक-चालकांच्या डोक्यात असते, आणि ती डोकी आपण दर ठेक्यागणिक वाऱ्यावर सोडतो.

मेट्रोविषयी आमची तक्रार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पुरा झाला, आणि पूर्वेचे प्रजापतीनगर पश्चिमेच्या लोकमान्यनगराशी जोडले गेले. परंतु लोकमान्यनगरचा जिना उतरला म्हणजे समोर कारखान्याचे फाटक लागत नाही. तेथून पुढे बसच हवी. सात वाजता फाटक लागते. सात वाजून दहा मिनिटांनी पोहोचलेल्या बाईचा खाडा पडतो. दहा मिनिटांची किंमत दिवसाची रोजी आहे. केंद्राच्या निकषानुसार उत्तम सेवेसाठी हजार लोकांमागे किमान ०.६ बस असावी. २०११ च्या जनगणनेतले २४ लाख धरले तरी ही संख्या १,४०० च्या वर जाते. २०१७ च्या नव्या व्यवस्थेत नागपूरच्या गाड्या चारशेच्या घरात होत्या. आणि आपण म्हणतो, लोकांना बस नको!

दुसरीकडे काय झाले? इंग्लंडात १९८६ साली लंडनबाहेरच्या बसगाड्या खुल्या बाजारावर सोडल्या. मँचेस्टरने तो प्रयोग जवळजवळ चाळीस वर्षे सोसला, आणि २०२३ ते २०२५ या काळात मार्ग, दर आणि वेळापत्रक पुन्हा सार्वजनिक हाती घेतले. गाड्या आजही तेथे खाजगी कंपन्या चालवितात. पण वेळ कोणाची, हा प्रश्न तेथे मिटला आहे. म्हणजे खाजगी-सरकारी या शब्दांवरून डोकी फोडण्याचे कारण नाही. आम्हीही तो नाद अलीकडे सोडला आहे.

आमचे मागणे लहान आहे. पुढच्या करारात एक कलम असावे: ठेकेदार बदलला तरी वाहक-चालकांची सेवा अखंड धरावी आणि तिची नोंद महापालिकेने ठेवावी. आणि मोरभवनात ती खिडकी पुन्हा उघडावी. आत बसणारा महापालिकेचा असावा, गाडी थोपविण्याचा अधिकार असलेला. कलमाचा मसुदा आम्ही बरोबर आणला आहे. ज्या वकीलमंडळींना तो तपासावयाचा असेल त्यांनी सभेनंतर थांबावे. ज्यांना बर्डीकडे जाणारी शेवटची बस गाठावयाची आहे, त्यांनी आताच उठावे. आम्हांस राग येणार नाही.