संशोधकाची पत

सुरतेच्या महिधरपुऱ्यातील हिरेबाजारात कागदाची पुडी उघडली की प्रथम तोल होतो. परंतु केवळ कॅरटच्या आकड्यावर सौदा करणारा व्यापारी त्या गल्लीत फार काळ टिकावयाचा नाही. रंग, पैलू आणि आतला डाग पाहण्यासाठी भिंग डोळ्याशी धरावेच लागते. विज्ञानाच्या पेठेत मात्र अलीकडे पुष्कळदा तोलावरच भागविले जाते. संशोधकाचे निबंध किती आणि इतरांनी त्यांचा आधार किती वेळा घेतला, या दोन आकड्यांवर नेमणुका होतात आणि अनुदाने मंजूर होतात.

यांतील दुसऱ्या आकड्याचे जनकत्व अमेरिकेतील युजीन गारफील्ड यांच्याकडे जाते. तळटीपांच्या आधारे एका निबंधावरून दुसऱ्याचा माग काढता येईल, ही कल्पना त्यांनी १९५५ साली मांडली आणि १९६४ पासून फिलाडेल्फियाहून त्यांची उद्धरणसूची नियमित निघू लागली. मूळ हेतू ग्रंथालयाच्या सोयीचा होता. मोजपट्टी ती पुढे झाली. ही मोजपट्टी किती उशिरा जागी होते, हे खुद्द गारफील्ड यांनीच दाखविले. पटकीचे जंतू गाळून काढल्यावर उरलेल्या द्रवातही रोगाचे विष असते, हे कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये 'नेचर' नियतकालिकात सिद्ध केले होते. प्रारंभीची काही वर्षे त्या निबंधाकडे फारसे कोणी वळले नाही. गारफील्ड यांनी त्याचे मोल सांगणारा लेख १९८६ साली लिहिला. डे आदल्याच वर्षी निवर्तले होते.

महाराष्ट्रातले उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. पुण्यास १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांच्या नावावर दोनशेहून अधिक निबंध आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा विषय कर्करोग आहे. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ऊतकसंवर्धनाची, म्हणजे जिवंत पेशी शरीराबाहेर काचपात्रात वाढविण्याची, प्रयोगशाळा उभारली. त्याच केंद्रातून १९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर या तिघांचा एक निबंध एका भारतीय नियतकालिकात आला. विषय कर्करोगाचा नव्हता, कुष्ठरोगाचा होता.

हान्सेन यांनी कुष्ठाचा जंतू १८७३ मध्येच पाहिला होता. परंतु तो काचपात्रात वाढविणे आजतागायत कोणास साधलेले नाही. हा जंतू मज्जातंतूंत घर करतो. या तिघांनी रुग्णाच्या शरीरातील द्रव्य मज्जागंडिकेच्या पेशींच्या संवर्धनात घातले आणि त्यातून एक आम्लस्थायी जंतू वाढीस लागला. तो कुष्ठाचाच असावा, ही आशा जगाने मान्य केली नाही, आणि जगाची शंका रास्त होती. तो जंतू क्षयजंतूच्या दूरच्या नात्यातील एका निराळ्या कुळाचा ठरला. मोजणाऱ्याने येथेच वही मिटली असती.

डॉ. माधव देव यांनी ती मिटू दिली नाही. कुष्ठाच्या तीव्र प्रकारात रुग्णाच्या रक्षक पेशी त्या जंतूस जणू ओळखतच नाहीत. म्हणून कातडीवरील लेप्रोमिन-चाचणी नकारात्मक येते. परळच्या प्रयोगशाळेतील हा परका जंतू किरणोत्साराने निर्जीव करून टोचला असता पुष्कळांची चाचणी होकारार्थी होऊ लागली. आप्ताच्या चेहऱ्यावरून मूळ माणूस ओळखावा, तसे हे झाले. १९७९ पासून या लसीच्या चाचण्या सुरू झाल्या. पुढे तमिळनाडूत सुमारे १ लाख ७१ हजार स्वेच्छेने पुढे आलेल्या लोकांवर चार लसींची तुलना झाली. तिचा निष्कर्ष १९९८ साली, पुन्हा एका भारतीय नियतकालिकातच, प्रसिद्ध झाला. या लसीने ६५.५ टक्के संरक्षण दिले होते, तर एकट्या बी.सी.जी.ने ३४.१ टक्के. निर्जीव कुष्ठजंतूंसह दिलेली बी.सी.जी. मात्र ६४ टक्क्यांपर्यंत पोहोचली, म्हणजे जवळजवळ बरोबरीने. हेही सांगितले पाहिजे. तोवर बहुविध औषधयोजनेने रोगाला मोठा ओहोटा लागला होता, त्यामुळे लस घरोघर पोहोचण्याचा प्रसंग आला नाही.

आता १९५८ च्या त्या निबंधाची पत कशी लावावी? तो ज्या नियतकालिकात आला, तशा भारतीय नियतकालिकांची परदेशी सूचींत उपेक्षाच होत आली आहे. शिवाय शोधाला नाव पडले की मूळ निबंध सांगण्याची गरज लेखकांना वाटेनाशी होते. नुसते नाव पुरते. टीका करण्यासाठी दिलेला संदर्भ आणि आधार म्हणून दिलेला संदर्भ यांत सूची भेद करीत नाही, हा दोष तर निराळाच.

डॉ. रणदिवे यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या निवर्तल्या. ज्या केंद्रात हे काम झाले त्याचे नाव मध्यंतरी बदलले. जुन्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे आय.सी.आर.सी. अशी होती. ती त्या जंतूला चिकटली आहेत, आणि कुष्ठावरील लसींची चर्चा निघते तेथे अजून लिहिली जातात.