पक्षिनिरीक्षणासाठी दुर्बिणीची निवड

(मानोरा येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. या दोन दिवसांमधील आठवडा 'पक्षी सप्ताह' म्हणून पाळावा, असे महाराष्ट्र शासनाने २०२० साली ठरविले. त्या दिवसांत आपणांपैकी अनेकजण मुलांना गावच्या तलावावर नेतात. कोणी काळविटांसाठी राखलेल्या कारंजा-सोहोळ अभयारण्यापर्यंत, तर कोणी थेट लोणार सरोवरापर्यंत सहल काढतात. अशा वेळी शाळेसाठी एखादी दुर्बीण घ्यावी, असा विचार साहजिकच मनात येतो. ती कोणती घ्यावी, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हौशी प्रवाशाची दुर्बीण त्याच्या एकट्याच्या डोळ्यांसाठी असते; शाळेची दुर्बीण चाळीस मुलांच्या हाती जाते. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे मिनिट येते. मागे रांग उभी असते. गुरुजी विचारतात, "दिसली का रे टिटवी?" काचेत नुसता अंधार दिसत असला, तरी मूल म्हणते, "हो गुरुजी." न पाहिलेले पाहिले म्हणण्याची सवय अशी लागते आणि निरीक्षणाचा पाठ जागच्या जागी संपतो. यास्तव मुलाला चटकन आणि खरोखर दिसेल, तीच दुर्बीण शाळेस योग्य होय.

दुर्बिणीवर '८ × ३२', '१० × २५' असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो. आठ पटींच्या दुर्बिणीतून ८० मीटरांवरील पक्षी १० मीटरांवर असल्यासारखा दिसतो. आकडा जितका मोठा तितकी दुर्बीण चांगली, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नव्हे. पक्षी जितक्या पटीने मोठा होतो, तितक्याच पटीने हाताचा कंपही मोठा होतो आणि दिसणारा प्रदेश आकुंचित होतो. मुलाला बाभळीच्या फांद्याच दिसत राहतात आणि तेवढ्यात पक्षी उडून जातो. म्हणून आठ पटी पुरेशा आहेत. लहान वर्गांना सहा-सात पटीही उत्तम. वीस-तीस पटींच्या, अथवा पटी कमीजास्त करता येणाऱ्या स्वस्त दुर्बिणींच्या मोहात पडू नये.

दुसरा आकडा पुढील काचेचा व्यास मिलिमीटरांत देतो. त्यास पहिल्या आकड्याने भागले असता डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशशलाकेची रुंदी मिळते. १० × २५ मध्ये ती अडीच मिलिमीटर, ८ × ३२ मध्ये चार आणि ८ × ४२ मध्ये सव्वापाच. शलाका रुंद असली म्हणजे पहाटेच्या मंद उजेडात चित्र स्पष्ट राहते. तसेच मुलाचा डोळा जरासा सरकला तरी चित्र नाहीसे होत नाही. ८ × ४२ ची दुर्बीण मात्र बहुधा सहाशे ते आठशे ग्रॅम भरते. दिवसभराच्या पायपिटीत एवढे ओझे मुलाच्या मानेस जड होते. सहलीचा विचार करता ८ × ३२ हा मध्यम मार्ग मला पसंत आहे.

आता एक बारीक, पण महत्त्वाची बाब. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधील अंतर साधारणतः ६० ते ६५ मिलिमीटर असते. लहान मुलांचे ५० ते ५५ असू शकते. पुष्कळ दुर्बिणींच्या दोन नळ्या इतक्या जवळ येतच नाहीत. खरेदीस जाताना एखादे लहान मूल बरोबर न्यावे व त्याच्या डोळ्यांस लावून पाहावे. चष्मा लावणाऱ्यांसाठी डोळा काचेपासून १५ मिलिमीटर वा अधिक दूर असतानाही पूर्ण चित्र दिसावयास हवे. दुकानाबाहेर येऊन दूरचा विजेचा खांब पाहावा. तो दुहेरी दिसला, किंवा पाहताना डोळ्यांवर ताण आला, तर ती दुर्बीण परत करावी. तांबड्या, चकचकीत काचांना भुलू नये.

दुर्बीण आल्यावर पहिला पाठ मैदानातच घ्यावा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करावे. मग डावा मिटून उजव्या नळीवरील कडे फिरवावे. पक्षी आधी साध्या डोळ्यांनी हेरावा, नजर त्याच्यावरच ठेवावी आणि दुर्बीण डोळ्यांपाशी आणावी. सूर्याकडे दुर्बीण कदापि वळवू देऊ नये. त्याने दृष्टी कायमची जाऊ शकते. काचेवरील धूळ आधी फुंकून वा मऊ कुंचल्याने झाडावी, मगच स्वच्छ मऊ कापडाने पुसावी. पावसाळ्यात दुर्बीण ओलसर कपाटात ठेवल्यास काचेवर बुरशी धरते.

एका शाळेस खर्च झेपत नसल्यास केंद्रातील चार शाळांनी मिळून एक चांगली दुर्बीण घ्यावी. चार निकृष्ट दुर्बिणींपेक्षा ती अधिक उपयोगी पडेल.

शेवटी एवढेच सुचवितो की, "दिसली का?" हा प्रश्न आपण सोडून द्यावा. त्याऐवजी विचारावे, "टिटवीचे पाय कोणत्या रंगाचे? डोळ्याजवळ तांबडे काय आहे?" पाय पिवळे आहेत आणि डोळ्यापुढे तांबडी कातडी आहे, हे पाहिलेले मूलच सांगू शकेल. आणि एखादे मूल "गुरुजी, मला दिसले नाही" असे म्हणाले, तर त्यास शाबासकी द्यावी व दुर्बीण पुन्हा त्याच्या हाती द्यावी.